मुरड घातलेलं मडकं

“भावजी, ह्यात सुरण कुठून आलं हो?”

शालनवहिनींनी हे विचारलं तेव्हा त्या घास चावत होत्या, आणि माझ्या हातातल्या डावात ऑक्टोपसचा पाय होता.

चांगला करंगळीएवढा जाड, जांभळा, आणि खालच्या बाजूनं गोल गोल वाट्या, शर्टाला बटणं लावावीत तशा ओळीनं. सुरणाला वाट्या नसतात. मी डाव अलगद परत मडक्यात बुडवला, पाय चण्यांच्या खाली ढकलला आणि म्हणालो, “असेल इथलंच काहीतरी.”

“छान लागतंय हो,” म्हणत वहिनींनी दुसरा घास घेतला.

डोक्यावर द्राक्षाच्या वेलाचा मांडव होता, वारा असा की टेबलावरचा कागद चारी बाजूंनी चिमट्यांनी धरलेला. तरी माझ्या पाठीवरून घामाची धार निघाली ती थेट पट्ट्यापर्यंत गेली.

सात वर्षं झाली ह्या गोष्टीला. बेटाचं नाव सिफनोस, ग्रीसमधलं. आणि मी तिथं कसा पोचलो हे सांगायचं तर आधी सोयाबीनबद्दल सांगावं लागेल.

मी बावीस वर्षांचा होतो तेव्हाची ती भानगड. सांगलीत आमच्या गल्लीत मी खोड्यांसाठी प्रसिद्ध होतो. कुणाच्या लग्नात बॅन्डवाल्यांना दुसऱ्याच मांडवात पाठव, कुणाच्या स्कूटरला मागं ‘भाड्याने देणे आहे’ लाव, असले उद्योग. दादाचं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. शालनवहिनी श्रावण कडक पाळायच्या. महिनाभर कांदा नाही, लसूण नाही, आणि मांसमच्छी तर त्यांच्या माहेरी सात पिढ्यांत नाही. सोयाबीनच्या वड्या तेव्हा बाजारात नव्या नव्या आलेल्या. मी त्याची झणझणीत भाजी एका खानावळीतून डब्यात आणली, कांदालसूण न घालता खास करून घेतली, आणि वहिनींना प्रेमानं वाढली. त्यांनी मिटक्या मारत खाल्ली. ताट चाटूनपुसून झालं आणि मी म्हणालो, “वहिनी, आवडलं का मटण?”

मला वाटलं, लाटणं घेऊन मागं लागतील. त्या मोरीकडं धावल्या. ओकून ओकून चक्कर येऊन पडल्या. तिसरा महिना होता, हे मला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्या त्याच संध्याकाळी सांगणार होत्या. एक रात्र दवाखान्यात, सलाईन. मी सोयाबीनचं रिकामं पाकीट घेऊन सगळ्यांपुढं नाचवत होतो, “अहो वड्या होत्या! बघा, हे बघा!” दादानं माझ्या कानाखाली काढलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

पोरगी सुखरूप झाली. तीच रेवती. वहिनी माझ्याशी महिन्याभरात बोलायलाही लागल्या, हसायलाही लागल्या. पण त्या दिवसापासून माझ्या हातचं त्यांनी काही खाल्लं नाही. काहीच नाही. भांडण नाही, टोमणा नाही. चहा पुढं केला की “आत्ताच झाला.” लग्नात पंगतीत मी लाडू वाढला तर तो पानात तसाच. सत्यनारायणाचा प्रसाद मी द्यायला लागलो की त्या स्वतः वाकून ताटातून उचलायच्या. दादा गेला तेव्हा पिठलंभाकरी मी नेली होती. चूल न पेटलेल्या त्या घरात दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं. तरी शेजारच्या काकूंनी आणलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. माझा डबा तसाच परत आला, फडकं बांधलेलं सुटलंसुद्धा नव्हतं.

पंचवीस वर्षं. खोडी पाच मिनिटांची होती.

दादा गेल्यावर दोन वर्षं वहिनी घरातून हलल्या नाहीत. रेवती तेव्हा ग्रीसमध्ये, पिरेयस बंदरात एका जहाज कंपनीच्या ऑफिसात लागलेली. तिचा मला फोन आला.

“काका, तू आईला घेऊन इकडं ये. तिकिटं मी काढते. ती एकटी येणार नाही.”

“माझ्याबरोबर तरी येईल का?”

“तुझ्याबरोबर येईल. ती म्हणते, भावजी सोबत असले की कुणाची भीती नाही, फक्त भावजींचीच. पण अट आहे. एकसुद्धा खोडी नाही. शपथ घे.”

“कुणाची घेऊ?”

“माझी घे. माझ्यावरच बेतली होती ना मागच्या वेळी.”

घेतली शपथ. माझ्या बायकोच्या शाळेला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. वहिनींच्या बॅगेत चिवडा, मेतकूट, चटण्या, शेंगदाण्याचे लाडू. आठ दिवस परदेशात राहायचं आणि ऐन श्रावण! सगळं मोजून मापून स्वतःपुरतं आणलेलं.

पिरेयसहून बोटीनं बेटावर उतरलो तेव्हा धक्क्यावरच्या हॉटेलासमोर दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले. धुतलेले मोजे टांगावेत तसे. वहिनींनी पदर नाकाला लावला. रेवती म्हणाली, “आई, गंमत म्हणजे सध्या ह्यांचाही उपवास चालू आहे. पंधरा ऑगस्टला मरियमचा सण, त्याच्या आधी चौदा दिवस. मटण नाही, अंडं नाही, मासे नाहीत, दूध नाही, चीज नाही.”

“दूधसुद्धा नाही?” वहिनी एकदम खूश झाल्या. “अगं मग आपल्यापेक्षा कडक की!”

“पण ऑक्टोपस चालतो.”

“काय?”

“रक्त नसतं म्हणतात त्याला. म्हणून उपवासाला चालतो.”

वहिनींनी दोरीकडं एकदा बघितलं. “रक्त नसू दे गं. डोळे आहेत ना?”

आम्ही उतरलो ते डोंगरावरच्या गावात, एका विधवा बाईच्या घरी. नाव कल्लिओपी. सत्तरीची, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, आवाज भाजीवालीचा. वहिनींनी पहिल्याच संध्याकाळी तिची कलाताई करून टाकली, आणि त्या बाईनं वहिनींची सालाना केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी दिवसभर बोलत होत्या. कलाताईंनी टोमॅटोची भजी केली, वहिनींनी पिठाला हात लावून बघितला आणि मान डोलावली. वहिनींनी मेतकूट भातावर घालून दिलं, कलाताईंनी खाल्लं आणि स्वतःच्या छातीवर क्रॉसची खूण केली. चांगलं की वाईट ते कळलं नाही. गच्चीवर करवंदाहून बारीक हिरव्या कळ्या मिठात वाळत पडलेल्या असायच्या, त्या कळ्यांची कोशिंबीर करायची. त्यात कांदा असायचा म्हणून वहिनींसाठी वेगळी. कलाताई खातंपितं घर असलेल्या बायकांसारख्या कुणाला उपाशी बघू शकत नव्हत्या.

वहिनी खायच्या. कलाताईंच्या हातचं सगळं खायच्या. माझी काही तक्रार नव्हती. मी आपला पाण्याचा जगसुद्धा त्यांच्यापुढं सरकवत नव्हतो, उगाच नकार ऐकायला नको म्हणून.

शनिवारी ते चण्यांचं प्रकरण आलं.

तिथं रविवारचं जेवण म्हणजे काबुली चणे. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरातून मातीच्या मडक्यात चणे, तेल, तमालपत्र, पाणी आणि कांदा घालून मडकं गावच्या बेकरीत न्यायचं. दिवसाचे पाव भाजून झाले की त्या लाकडाच्या भट्टीत सगळ्या गावाची मडकी रात्रभर मंद आचेवर. रविवारी सकाळी देवळातून येताना आपापलं मडकं उचलून घरी. घरोघरी मडक्यावर आपली खूण कोरलेली असते, कुणाचा मासा, कुणाची होडी.

दुपारी दोघी बायका अंगणात परातीत चणे निवडत बसलेल्या. दोघींचे हात सारखेच चालत होते, खडा दिसला की मागं भिरकावणं तेच, आणि भिरकावताना नाक मुरडणं तेच. कलाताईंनी पाणी घेतलं तेही टाकीत साठवलेलं पावसाचं. रेवतीनं विचारून सांगितलं, विहिरीच्या पाण्यात चणे शिजत नाहीत.

“आमच्या बोरच्या पाण्यात तूरडाळ शिजते का?” वहिनी म्हणाल्या. “सांग तिला.”

मग कांद्याचा प्रश्न निघाला. वहिनी म्हणाल्या, मी आपला मेतकूटभात खाईन. कलाताईंनी सुरी हातात धरून बराच वेळ कांद्याकडं बघितलं. मग कांदा टोपलीत परत टाकला आणि काहीतरी बोलल्या.

“काय म्हणते?”

रेवती म्हणाली, “म्हणते, पन्नास वर्षांत कांद्याशिवाय केले नाहीत. सासूला कळलं तर थडग्यातून उठेल. पण सालानाचा उपवास मोडायचा नाही. सगळ्यांचेच बिनकांद्याचे करू या.”

वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, “मग झाकण मी बंद करते.”

कलाताईंचं जुनं मडकं त्याच आठवड्यात तडकलेलं. नवं मी विकत आणलं होतं, खालच्या कुंभाराकडून. खूण कोरायची राहिली होती. झाकण बसवून फटीला कणीक लावायची असते, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. वहिनींची बोटं त्या कणकेवरून भराभरा फिरत होती. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढून सांगलीच्या ग्रुपवर टाकला, ‘ग्रीसमध्ये वहिनींचा बंदोबस्त.’ मग वहिनींनी त्यांच्या जुन्या साडीच्या काठाची एक चिंधी फाडली आणि मडक्याच्या कानाला गाठ मारली. “ही खूण.”

तेवढ्यात देवळाची घंटा झाली. कलाताई प्रार्थनेला निघाल्या, रेवती त्यांना पोचवायला. मडकं न्यायला उरलो मी.

वहिनींनी मडकं उचलून माझ्या दोन्ही हातांत दिलं. “सांभाळून न्या, भावजी. आणि सकाळी तुम्हीच आणा.”

तुम्हीच आणा. मी गल्लीतून चालत होतो ते असा, जसं काही खांद्यावर पालखी आहे. मनात हिशेब एकच. हे मडकं मी नेणार, मी आणणार, आणि उद्या वहिनी ह्यातलं खाणार. वाढणारा कोणी का असेना.

बेकरीवाला म्हातारा पिठानं पांढरा झालेला. त्यानं ती चिंधी चिमटीत धरली, भट्टीकडं बोट दाखवलं, फूऽऽ असं केलं आणि पुष्कळ काहीतरी बोलला. मी म्हणालो, “ओके, ओके,” आणि अंगठा दाखवला. मला वाटलं भट्टी कशी गरम आहे ते अभिमानानं सांगतोय. तो परत म्हणाला. मी परत अंगठा दाखवला. त्यानं खांदे उडवले आणि मडकं आत घेतलं.

रात्रभर भट्टीत ठेवायच्या वस्तूला सुती चिंधी बांधायची! हे सुचलं आम्हा शहाण्यांनाच.

सकाळी गेलो तर कट्ट्यावर चाळीसेक मडकी रांगेत. एकाच कुंभाराची, एकाच मापाची, सगळी काजळलेली. चिंधी कुठंच नाही. चार-पाच मडक्यांवर खूण नव्हती. मी पोलिसासारखा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरलो. म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत होता, चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं, काल सांगत होतो ना. रेवतीला फोन करता आला असता. पण फोन करायचा म्हणजे काय सांगायचं? की एक मडकं दिलं होतं, तेही नीट आणता आलं नाही?

बिनखुणेच्यातलं एक मला आपलं वाटलं. का वाटलं ते विचारू नका. लॉटरीचं तिकीट आपलं वाटतं तसं. मी छातीठोकपणे बोट दाखवलं, “कल्लिओपी!” आणि उचलून चालू लागलो.

दारात वहिनी उभ्या. मडक्याकडं बघून म्हणाल्या, “आपलंच ना?”

“शंभर टक्के,” मी म्हणालो.

“चिंधी?”

“जळाली. पण मी ओळखलं.”

“असं? कशावरून?”

“वहिनी, विजेच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलीत. एका नजरेत मोटर ओळखतो, मडकं काय!”

त्या “बरं” म्हणाल्या आणि मडकं आत घेऊन गेल्या. मी गच्चीवर जाऊन आडवा झालो. वारा होता, झोप लागली. दुपारी रेवतीनं हाक मारली, “काका, पान वाढलंय.”

खाली टेबलावर मधोमध मडकं, झाकण काढलेलं. वहिनींच्या वाटीत आधीच वाढलेलं. मी डाव घातला, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तर ऑक्टोपसचा पाय चण्यांखाली दाबून मी बसलो होतो. कुणीतरी आपल्या चण्यांत ऑक्टोपस घालून शिजवला होता, उपवासाला चालतो म्हणून, आणि लाखातून नेमकं तेच मडकं मी उचललं होतं. कलाताई पाव मोडत होत्या. रेवती मान खाली घालून तोंडाला रुमाल लावून बसलेली. तिला उन्हाचा त्रास होतोय असं वाटलं मला.

गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? काही नाही. वहिनी ते इथलं सुरण समजून खाऊन मोकळ्या झाल्या असत्या. सांगलीत जाऊन चार बायकांना सांगितलंही असतं, तिकडं सुरण फार छान मिळतं. जन्मात कळलं नसतं. मी ते पाय एकेक करून गपचूप माझ्या ताटात घेऊन संपवायचा बेतही केला. आठच तर असतात.

तेवढ्यात वहिनींनी वाटी माझ्यापुढं धरली.

“वाढा, भावजी. अजून थोडं.”

मला नीट कळलंच नाही. मी कलाताईंकडं बघितलं.

“तिच्याकडं काय बघताय? डाव तुमच्या हातात आहे ना? वाढा.”

बघा आता. पंचवीस वर्षं मी ज्या वाटीची वाट बघितली ती वाटी माझ्यासमोर, आणि मडक्यात हे असलं. हात डावावर होता आणि उचलत नव्हता. शेवटी मी डाव सोडला आणि मडक्याच्या तोंडावर तळवा ठेवला. भाजला, पण ठेवला.

“वहिनी, नका खाऊ.”

“का हो?”

“हे आपलं मडकं नाही.”

“सकाळी तर शंभर टक्के होतं.”

“अंदाजानं उचललं. चिंधी जळाली होती, मला ओळखता आलं नाही. खोटं बोललो. आणि ह्यात... ते सुरण नाही, वहिनी. ह्यात ऑक्टोपस आहे.”

वहिनींनी चमचा खाली ठेवला.

“थट्टा करताय.”

“नाही.”

“मागच्या वेळीही असंच तोंड केलं होतं तुम्ही.”

“मागच्या वेळी खोटं होतं! सोयाबीनच होतं ते, आईशप्पथ. ह्या वेळी खरं आहे. म्हणजे ह्या वेळी मी केलेलं नाही, पण खरं आहे.” माझं मलाच कळत नव्हतं काय बोलतोय. डावानं पाय वर काढला. “हा बघा.”

वहिनींनी बघितलं. ओकल्या नाहीत, उठल्या नाहीत.

“किती पाय असतात त्याला?”

“आठ.”

“मी किती खाल्ले असतील?”

“वहिनी, मला काय माहीत!” माझा आवाज चिरकला. “तुम्ही मला घराबाहेर काढा, आज परत पाठवा, मी जातो. परत तोंड दाखवणार नाही. पण मुद्दाम केलं नाही हो. रेवतीची शपथ घेतली होती मी.”

वहिनी पदरानं तोंड पुसत उठल्या. “कान धरा.”

“काय?”

“कान धरा. आठ पाय, आठ उठाबशा.”

सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, पोट सुटलेला, ग्रीसमधल्या एका अंगणात दोन्ही कान धरून उभा राहिलो. एक चप्पल काढली, मग दुसरी. कलाताईंना कुणीही काही समजावून सांगितलं नाही. त्यांनी खुर्ची वळवून माझ्याकडं केली, मांडीवर हात ठेवले आणि मोजायला लागल्या.

“एना!”

गुडघा कट्कन वाजला.

“दिओ!”

“त्रिआ!”

चौथ्याला भिंतीपलीकडून आणखी एक आवाज मोजायला लागला. पाचव्याला मी वर बघितलं तर गडग्यावर कोपरं टेकून एक जाडी बाई उभी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. सहाव्याला रेवतीच्या रुमालातून प्रेशर कुकरसारखी शिट्टी फुटली. सातव्याला मला शंका आली. आठव्याला मी खाली बसलो तो उठलोच नाही.

“वहिनी,” मी खालूनच विचारलं, “तुम्ही मघापासून काय चावत होता?”

“बटाटा,” वहिनी म्हणाल्या. “उकडलेला. कलाताईंनी मीठ घालून दिला.”

मी तिथंच फरशीवर बसून राहिलो. त्या आत गेल्या आणि दुसरं मडकं घेऊन आल्या. झाकण अजून बंद. त्यांनी ते माझ्या नाकासमोर धरलं.

“बघा. दिसतंय का काही?”

“मडकं.”

“कड बघा, कड! करंजीला घालतो तशी मुरड घातलीय मी कणकेला. सगळ्या बेटावर अशी मुरड दुसरी कोण घालणार आहे? तुम्ही आणलेल्या मडक्याची कणीक नुसती लिंपलेली. दारातच कळलं मला. जन्मभर करंज्या खाल्ल्यात, कड कधी बघितली नाहीत.”

“तुझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे, काका,” रेवती हसता हसता म्हणाली. “तूच काढलास. ग्रुपवर पण टाकलास.”

फोटो काढून बघितला. करंजीची मुरड, एकसारखी, गोल फिरलेली. डोळ्यासमोर होती आणि मी बेकरीत मडकी मोजत होतो.

मग सगळं उलगडलं. गडग्यावरची ती बाई मारुसो. तिच्या चण्यांत तिच्या नवऱ्यानं पकडलेला ऑक्टोपस असतो, दर वर्षी. तिचं मडकं मी पळवलं, म्हणून तिच्या वाट्याला आमचं आलं. मी गच्चीवर घोरत असताना ती मुरडीचं मडकं घेऊन विचारत आली, हे कुणाचं? तीन बायका आणि रेवती स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. बेत वहिनींचा. शब्द न् शब्द वहिनींचा. रेवतीनं फक्त भाषांतर केलं. मारुसोनं आपलं मडकं अर्ध्या तासासाठी उसनं दिलं, एका अटीवर, की तिला बघायला मिळायला पाहिजे.

ती आता फाटकातून आत आली, माझी पाठ थोपटली, आपलं मडकं उचललं, आणि जाता जाता त्यातला तो पाय काट्यानं काढून माझ्या ताटलीत ठेवला. बक्षीस.

“वहिनी,” मी म्हणालो, “बोललो नसतो तर?”

“तर मी वाटी पुढं केली तेव्हा तुम्ही वाढलं असतंत.”

“आणि?”

“आणि मी बघितलं असतं की वाढलंत.” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. “उठा आता. मुरड फोडा. भूक लागलीय मला, सकाळपासून एका बटाट्यावर आहे.”

मी उठलो. कणीक पावासारखी कडक झाली होती. सुरीचं टोक घालून गोल फिरवलं, झाकण उचललं, आणि वाफ आली. तमालपत्राची, तेलाची, आणि चण्यांची, जे रात्रभर कुणी ढवळले नव्हते. मी आधी नीट खालपर्यंत डाव घालून बघितलं. चणेच होते. परत बघितलं. कलाताईंनी काहीतरी म्हटलं आणि रेवती म्हणाली, “म्हणते, पाय शोधतोय का?”

वहिनींनी वाटी पुढं धरली. मी वाढलं. एक डाव, मग दुसरा. लिंबू पिळलं. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, चण्यांत बुडवला आणि तोंडात घातला.

मी उभाच होतो. त्यांचा जबडा हलतोय तेवढंच बघत होतो.

“काय बघताय?”

“काही नाही.”

त्यांनी घास गिळला. वाटीत वाकून बघितलं, मग माझ्याकडं, चेहरा अगदी गंभीर करून.

“भावजी, हे सोयाबीन नाही ना?”

आणि उत्तराची वाट न बघता दुसरा घास घेतला.